सरकारचा वकील, वकिलांचा पुढारी

१९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने भारतातल्या वकिलांच्या हाती त्यांचा स्वतःचा कारभार दिला. सनद कोणाला द्यायची, वकिलाने वागायचे कसे, पाऊल वाकडे पडले तर शिक्षा कोणी करायची, या बाबतीत तोवर शेवटचा शब्द उच्च न्यायालयांचा असे. आता ते काम राज्याराज्यांच्या बार कौन्सिलकडे आणि त्या सगळ्यांच्या वर असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आले. या नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले मोतीलाल चिमणलाल सेटलवाड. त्या वेळी ते भारताचे ॲटर्नी जनरल होते. वकिलांच्या स्वायत्त संस्थेच्या खुर्चीत सरकारचाच सर्वांत मोठा वकील बसला होता. त्यांच्यामागून आलेले सी. के. दफ्तरी हे आधी सॉलिसिटर जनरल, मग ॲटर्नी जनरल.

तेव्हा हे फारसे कोणाला खटकले नाही. दोघेही मुंबईच्या बारचे होते, आणि मुंबईत गेली शंभर वर्षे हीच चाल होती.

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. राजाचे सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत अशी दोन जुनी घरे त्यात एकत्र आली, पण एका छपराखाली येऊनही त्यांनी चुली वेगळ्याच ठेवल्या. शहरातले दावे चालत ते ओरिजिनल साइडवर. तिथे बॅरिस्टरांचे राज्य. अशिलाने सॉलिसिटरकडे जायचे, सॉलिसिटरने ब्रीफ तयार करून बॅरिस्टरला द्यायची आणि बॅरिस्टरने कोर्टात उभे राहायचे. रत्नागिरी, सातारा, धारवाड, अहमदाबाद अशा मोफसलातून येणारी अपिले अपीलेट साइडवर जात आणि तिथे देशी वकील काम चालवत. बॅरिस्टरांचा पुढारी म्हणजे ॲडव्होकेट जनरल. त्याला कोणी निवडून देत नसे. सरकार त्याला नेमी आणि बार त्याला आपला वडीलधारा मानी. दीर्घकाळ हा मान बहुतांशी इंग्रजांकडे राहिला. अपीलेट साइडवर असेच वजन सरकारी वकिलाचे होते.

त्या जागेवर बसलेले विश्वनाथ नारायण मंडलिक पाहिले की त्या काळच्या वकिलीची वाट कशी वळणाची होती ते कळते. जन्म १८३३चा, कोकणातल्या मुरुडचा. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, मग सरकारी नोकरी, कधी राजकीय खात्यात तर कधी शिक्षण खात्यात. ती सोडून ते वकील झाले तेव्हा तिशी आली होती. १८६४मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढले. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्रजी न्यायालयांतून शास्त्री-पंडितांची पदे रद्द झाली. तोवर वारसा, दत्तक, वाटणी यांच्या प्रश्नावर न्यायाधीश शास्त्र्याचे मत मागवत असे. शास्त्री गेले, पण दत्तकाचे तंटे राहिलेच. अशा वेळी ज्याला मूळ संस्कृत ग्रंथ उघडून न्यायाधीशापुढे अर्थ मांडता येईल त्या वकिलाची किंमत वाढली नसती तरच नवल. मंडलिकांनी ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर १८८०मध्ये प्रसिद्ध केले ते केवळ विद्येच्या हौसेने नव्हे, त्यांच्या टेबलावर रोज येणाऱ्या कागदांना त्याची गरज होती.

काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचेही तेच. हा माणूस आधी संस्कृतचा शिक्षक. १८७२मध्ये ते ॲडव्होकेटची परीक्षा उतरले आणि विलायतेला न जाताच ओरिजिनल साइडवर उभे राहिले, जिथे त्यांच्याआधी बद्रुद्दीन तय्यबजी हे पहिले देशी बॅरिस्टर १८६७पासून इंग्रजांच्या बरोबरीने लढत होते. तेलंगांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, १८८९मध्ये न्यायमूर्ती झाले आणि १८९३मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. वकिलांमध्ये त्यांचा शब्द चाले, पण ॲडव्होकेट जनरलचा झगा त्यांच्यासाठी शिवलेला नव्हता.

शिक्षक किंवा प्राध्यापक आणि मग वकील, ही वाट मुंबईच्या बारमध्ये पुढेही पुन्हा पुन्हा दिसते. भुलाभाई देसाई अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते. १९०५मध्ये ते ॲडव्होकेट झाले आणि पुढे काही काळ ॲडव्होकेट जनरलचे कामही त्यांनी पाहिले. आधी शिकवण्याचे कारण सरळ आहे. नव्या बॅरिस्टरला सॉलिसिटर ओळखत नसत, आणि ब्रीफ येईपर्यंत पोट भरावे लागे. महंमद अली जीना १९००मध्ये काही महिने प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले ते याच कारणाने. कायमची नेमणूक आली तेव्हा मात्र त्यांनी नकार दिला. महिन्याचा तो पगार एका दिवसात मिळवू, असा त्यांचा हिशेब होता, आणि पुढे तो चुकला नाही. पुण्यात टिळकांनी कायद्याची पदवी घेऊनही वकिली केली नाही, पण वकिलीच्या परीक्षांचा वर्ग चालवला. त्यातून मोफसलातले कितीतरी वकील तयार झाले.

ज्यांना सॉलिसिटरांनी दारात उभे केले नाही त्यांची कहाणी वेगळी. बाबासाहेब आंबेडकर १९२३मध्ये ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन मुंबईत आले. त्याआधी सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले होते. बॅरिस्टर असूनही त्यांची वकिली मुख्यतः अपीलेट साइडवर आणि खालच्या कोर्टांत चालली. अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देईल असा सॉलिसिटर मिळणे कठीण होते. घर चालावे म्हणून हिशेबनिसांच्या एका संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत. १९२६मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर खटला झाला तेव्हा जेधे-जवळकरांचे वकीलपत्र त्यांनी घेतले आणि त्यांना सोडवले. १९३५मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. देशाला राज्यघटना देणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, मुंबईच्या बारचे पुढारीपण कधीच नाही. दोन चुलींच्या व्यवस्थेत पुढारी ठरायचा तो वरच्या चुलीपाशी, आणि तिथे कोणाला बसवायचे ते सॉलिसिटर ठरवत.

स्त्रियांना तर १९२३चा कायदा होईपर्यंत सनद जवळजवळ मिळतच नसे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२मध्ये दिली होती. त्याआधी गुजरात कॉलेजात त्याही शिकवत होत्या. वकील म्हणून उभे राहायला त्यांना तीस वर्षे थांबावे लागले. मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा या १९२४मध्ये पहिल्या स्त्री वकील झाल्या. पुढे त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या, सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागल्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षपदावर मात्र आजवर एकही स्त्री आलेली नाही.

आता पुन्हा सेटलवाडांकडे. मोतीलालांचे वडील सर चिमणलाल यांची सुरुवात अपीलेट साइडचा वकील म्हणून झाली आणि नाव झाल्यावर ते ओरिजिनल साइडवर आले. मुलाला ती पायरी चढावी लागली नाही. १९११मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा, मग ओरिजिनल साइड, भुलाभाईंसारख्यांचा सहवास. पुढे भुलाभाईंचे चरित्रही त्यांनी लिहिले. १९३७मध्ये ते मुंबईचे ॲडव्होकेट जनरल झाले आणि १९४२मध्ये त्यांनी ते पद सोडले. फाळणीच्या वेळी पंजाबच्या सीमा आयोगापुढे भारताची बाजू त्यांनी मांडली, १९५०मध्ये ॲटर्नी जनरल झाले. वकिलांची एकच अखिल भारतीय बार असावी अशी शिफारस न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या समितीने १९५३मध्ये केली, त्या समितीवर ते होते. १९५५मध्ये नेमलेल्या विधी आयोगाचे अध्यक्षही तेच. आयोगाने पुन्हा तीच शिफारस केली, कायदा झाला, आणि त्यातून निघालेल्या संस्थेच्या अध्यक्षस्थानी ते बसले. एकाच माणसाने योजना आखायची, शिफारस करायची आणि मग तीच चालवायची, असे भाग्य फार थोड्यांना लाभते.

सरकारचा वकील वकिलांचा स्वतंत्र पुढारी असू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर सेटलवाडांपुरते १९५८मध्ये मिळाले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले होते. चौकशीला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग बसला. मुंबईत ती चौकशी ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेरच्यांसाठी कर्णे लावावे लागले. आयोगापुढे ॲटर्नी जनरल उभे राहिले आणि सरकारला सावरण्याऐवजी त्यांनी व्यवहाराची चिरफाड केली. मंत्र्याला जबाबदारीतून अंग काढून घेता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. सेटलवाड त्यानंतर आणखी पाच वर्षे त्याच पदावर राहिले. आज हे वाचताना अविश्वसनीय वाटते.

दफ्तरींची चाल निराळी होती, नर्मविनोदाची. केंब्रिजला शिकलेले, नाटकाची आवड असलेले हे गृहस्थ. मुंबईचे ॲडव्होकेट जनरल असताना गांधीहत्येच्या खटल्यात सरकार पक्षाचे प्रमुख वकील तेच. तो खटला १९४८-४९मध्ये लाल किल्ल्यात चालला. तिथेच तीन वर्षांपूर्वी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांसाठी भुलाभाई देसाई उभे राहिले होते, म्हणजे मुंबईच्या बारची दोन माणसे त्याच किल्ल्यात एकदा आरोपींच्या बाजूने आणि एकदा सरकारच्या बाजूने झुंजली. दफ्तरी १९५०मध्ये देशाचे पहिले सॉलिसिटर जनरल झाले आणि १९६३मध्ये सेटलवाडांच्या जागी ॲटर्नी जनरल. निवृत्तीनंतर त्यांची जीभ अधिकच मोकळी झाली. एप्रिल १९७३मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून इंदिरा गांधींच्या सरकारने ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केले. त्याच्या निषेधाच्या सभेत दफ्तरींनी केलेले भाषण एका वाक्याचे होते, असे सांगतात: ज्या मुलाने सगळ्यांत छान निबंध लिहिला त्याला पहिले बक्षीस मिळाले.

त्या निवडीच्या आदल्याच दिवशी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला होता. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांची सुनावणी. केरळ सरकारतर्फे होमी सीरवाई, जे सतरा वर्षे महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल राहिले, आणि विरुद्ध बाजूला नानी पालखीवाला. दोघेही सर जमशेटजी कांगा या जुन्या ॲडव्होकेट जनरलच्या चेंबरमध्ये वाढलेले. पालखीवालांना खरे तर प्राध्यापक व्हायचे होते. इंग्रजीत एम.ए. करून त्यांनी व्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज केला, ती जागा अनुभव असलेल्या एका मुलीला मिळाली आणि बाकीचे वर्ग भरून गेल्यामुळे ते लॉ कॉलेजात गेले. त्या निवड समितीने वेगळा निर्णय घेतला असता तर संसदेलाही मोडता न येणारी भारतीय राज्यघटनेची मूलभूत चौकट, जी या निकालाने मान्य केली, ती कोणी कशी मांडली असती, यावर वकीलमंडळी अजूनही गमतीने वाद घालतात.

या कुलीन परंपरेत राम जेठमलानी कुठेच बसत नव्हते. सिंधमधल्या शिकारपूरचा जन्म, वडील आणि आजोबा वकील, तेराव्या वर्षी मॅट्रिक, सतराव्या वर्षी कायद्याची पदवी. सनदेला वयाची अट एकवीसची. त्यांनी सिंधच्या मुख्य न्यायाधीशांकडे गाऱ्हाणे नेले आणि खास ठराव करवून घेतला. कराचीत ए. के. ब्रोहींच्या भागीदारीत वकिली सुरू झाली. १९४८च्या दंगलींनंतर ब्रोहींनीच त्यांना निघून जायला सांगितले आणि ते निर्वासित म्हणून मुंबईत उतरले. इथे त्यांना ना चेंबर, ना घराणे, ना सॉलिसिटर. त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांमधून कामे मिळवली. मुंबई सरकारच्या निर्वासितविषयक कायद्याला आव्हान दिले, आणि ते गाजले. १९५९च्या नानावटी खटल्यात मृत प्रेम आहुजाच्या बहिणीतर्फे ते हजर होते. पुढे तस्करांचे वकील म्हणून त्यांना हिणवले गेले. फौजदारी वकिलीकडे ओरिजिनल साइडने नेहमीच नाक मुरडले होते.

या खालच्या अंगणाची एक झलक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतही आहे. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाबाहेर काही वकील येणाऱ्या माणसांवर झडप घालून, एकमेकांच्या हातून कामे ओढून घेत. महाराष्ट्र बार कौन्सिलने त्यांना दोषी धरले, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने सोडले, तेव्हा महाराष्ट्राची कौन्सिलच अपिलात गेली. तिला तसा अधिकार आहे, हे सांगायला १९७५मध्ये सात न्यायमूर्ती बसले.

कौन्सिलवर निवडणुकीने माणसे जात होती आणि मतदार होते तालुक्या-जिल्ह्यांचे वकील. दहा हजारांहून जास्त वकील असलेल्या राज्यात पंचवीस सभासद निवडायचे, तेही पसंतीक्रमाच्या मतदानाने. ज्याला मोफसल ओळखते तो निवडून येणार. महाराष्ट्रातून जेठमलानी असेच वर चढले आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले.

मग २५ जून १९७५ला आणीबाणी आली. ॲडिशनल सॉलिसिटर जनरल फली नरीमन यांनी लगेच राजीनामा दिला. इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्याचे वकीलपत्र पालखीवालांनी परत केले. जेठमलानी अध्यक्ष म्हणून देशभर भाषणे करत फिरत होते. केरळमधल्या एका भाषणावरून त्यांच्यावर अटक वॉरंट निघाले. ते वॉरंट रोखायला मुंबई उच्च न्यायालयात पालखीवालांसह तीनशेच्या वर वकील उभे राहिले आणि स्थगिती मिळाली. त्याच वेळी दिल्लीत ॲटर्नी जनरल नीरेन डे सर्वोच्च न्यायालयाला सांगत होते की आणीबाणीत कोणाला बेकायदा डांबले, इतकेच काय, कोणाचा बेकायदा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही. ॲटर्नी जनरल हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा पदसिद्ध सभासद असतो. मुंदडा प्रकरणात सेटलवाड ज्या पदावरून बोलले होते त्याच पदावरून, अठरा वर्षांनी, हे बोलले जात होते. २८ एप्रिल १९७६ला चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकार जिंकले. वॉरंटावरच्या स्थगितीला अर्थ उरला नाही आणि जेठमलानी कॅनडाला निसटले.

१९७७मध्ये परदेशात असतानाच ते वायव्य मुंबईतून उभे राहिले आणि निवडून आले. पाडले कोणाला? कायदामंत्री ह. रा. गोखले यांना. तेही मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. त्याच वर्षी ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली: कौन्सिलचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष कौन्सिलनेच निवडायचे, आणि पदावर असलेल्यांनी पायउतार व्हायचे. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला मुंबईतली आणि कलकत्त्यातली सॉलिसिटर-बॅरिस्टरांची जुनी वाटणीही संपली होती. आता सगळे नुसते ॲडव्होकेट.

निवडून आलेला अध्यक्ष म्हणजे स्वच्छ अध्यक्ष, असा मात्र अर्थ नव्हता. ९ मार्च १९९४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला म्हणून एक ज्येष्ठ वकील भडकले आणि त्यांनी न्यायमूर्तींना बदलीची धमकी दिल्याचा आरोप झाला. हे वकील विनयचंद्र मिश्रा, तेव्हाचे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष. वकिलांच्या शिस्तीचा सर्वोच्च रखवालदारच आरोपी, तर तक्रार कोणाकडे करायची? सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच १९९५मध्ये त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि तीन वर्षे वकिली बंद केली. या निकालाने वकिलांच्या संघटना हादरल्या. आज अध्यक्षाची सनद काढली, उद्या कोणाचीही काढतील. प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि १९९८मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितले की अवमानाची शिक्षा न्यायालय देऊ शकते, सनद काढून घेण्याचा अधिकार मात्र बार कौन्सिलचाच.

सरकारी वकील आणि अध्यक्ष या दोन टोप्या २०१०मध्ये पुन्हा एका डोक्यावर आल्या. सॉलिसिटर जनरल गोपाल सुब्रमण्यम हे कौन्सिलचे अध्यक्ष होते तेव्हा नव्या वकिलांसाठी अखिल भारतीय परीक्षा आली. पहिली परीक्षा ६ मार्च २०११ला झाली आणि तिच्याविरुद्ध न्यायालयांत अर्जही पडले. २०१२नंतर, मधला थोडा काळ सोडता, खुर्ची पाटणा उच्च न्यायालयाचे वकील मननकुमार मिश्रा यांच्याकडे राहिली. दफ्तरींना १९७२मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमले होते. मिश्रा ऑगस्ट २०२४मध्ये बिहारमधून भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून राज्यसभेवर बिनविरोध गेले, आणि कौन्सिलचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच राहिले.